काठावरची अक्षरं

त्यांना सगळे टर्नरच म्हणत. छत्तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला दुसरं नाव कशाला हवं? तापट इतके की फोरमनसुद्धा त्यांच्या मशीनला वळसा घालून जाई. जीव लावला तो एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चांदीच्या नाण्यांना. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ विकून त्यांनी पहिलं नाणं घेतलं आणि त्यावरून बायकोची बोलणी जन्मभर खाल्ली.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला. नाण्यांवरचे राजे दिसेनासे झाले. पण त्या पाच फ्रँकच्या नाण्यांच्या काठावर अक्षरं असतात, आणि टर्नरांचं नख शाबूत होतं. १८३१ सालच्या काही नाण्यांवर ती खोदलेली, काहींवर उठावाची. काठावरून नख फिरलं की टर्नर नाणं ओळखत. रोज दुपारी हाच कार्यक्रम.

पंचाहत्तरीला मुलाने हौसेने काय करावं? बावीसच्या बावीस नाणी गुपचूप नेली आणि कडक प्लॅस्टिकच्या डब्यांत सीलबंद करून आणली.

"आता ओरखडा पडायला नको, बाबा."

टर्नरांनी एक डबी चाचपली. चारी बाजूंनी गुळगुळीत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाला विचारून केलंस?"

"डबीवर साल लिहिलंय. मी वाचून दाखवीन ना."

"तू वाचणार आणि मी ऐकणार? डोळे गेले होते, तू बोटंही काढून घेतलीस!"

त्यांनी डबी भिंतीवर भिरकावली. तिला साधा तडाही गेला नाही, त्यामुळे ते आणखी भडकले. अंदाजाने चालत माळ्याखालच्या टेबलापाशी गेले, दुसरी डबी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली आणि धातू कापायची करवत, हॅक्सॉ, उचलली. पण पातं कुठे टेकवायचं ते दिसेना. त्यांनी हॅक्सॉ मागे धरली.

"काप," ते मुलाकडे न वळता म्हणाले.

"बाबा, मला नाही जमत हे."

"सीलबंद करायला जमलं? काप!"

जन्मात कधी हॅक्सॉ न धरलेल्या मुलाने कापलं. प्लॅस्टिक तुटलं आणि पातं चर्रकन चांदीवर घसरलं. दोघांनीही तो आवाज ओळखला. मुलाचा चेहरा उतरला.

टर्नरांनी नाणं हातात घेतलं, काठावरून नख फिरवलं. खोदीव अक्षरं, आणि त्यांच्या मध्येच एक नवी, खरबरीत खाच. ओरखडा पाडणाऱ्याला टर्नरांनी आजवर माफ केलं नव्हतं. नख त्या खाचेवर दोनदा गेलं.

"गाढवा," ते म्हणाले, "हे आता मला झोपेतही सापडेल. दुसरी डबी आण. आणि या वेळी पातं सरळ धर."