नाक्यावरचा फळा

डोंबिवलीत आमच्या चाळीसमोर, नाक्यावर एक फळा होता. त्यावर रोज सकाळी आमची शेजारीण खडूनं बातमी लिहायची. पदर खोचलेला, खांद्याला भाजीची पिशवी, अक्षर टपोरं. वाक्य झालं की दोन पावलं मागे सरून स्वतःलाच "हं!" म्हणायची. मी तेव्हा चांदण्यावर कविता करायचे आणि स्वतःला थोर लेखिका समजायचे. घरातला नळ कोरडा होता, ते मला कवितेत बसत नव्हतं.

निवडणुकीच्या तोंडावर तिनं लिहिलं, "नगरसेवक दारात आले. पाणी कधी येणार?"

लगेच त्यांचा कार्यकर्ता फडकं घेऊन हजर. "काकू, साहेबांना आवडलं नाही हां," म्हणत त्यानं फळा पुसला.

"पुसलंस ना? आता तूच लिही, पाणी आलं म्हणून," तिनं खडू पुढे केला.

तो आमच्याच चाळीतला. खडू न घेताच सटकला.

तिनं तेच वाक्य दुप्पट मोठं लिहिलं. "आता खाली सह्या. लेखिकाबाई, आधी तुम्ही."

मी ऐटीत टोपणनाव लिहिलं, 'निशिगंधा'.

"ही कोण गं? हिच्याकडे येतं वाटतं पाणी?"

मी ते पुसलं आणि खरं नाव लिहिलं. आडनावासकट, नवऱ्याला न विचारता.