गोलाईप्रमाणे लावलेली कविता

आमच्या चांदा जिल्ह्यात त्या काळी दोन प्राणी मोकाट हिंडत, वाघ आणि कवी. वाघ तरी महिन्यातून एकदाच गावात येई. कवितेवर पोट भरलेला मात्र एकही कवी मी पाहिला नाही. सावलीचा कवी मास्तर होता आणि लग्नसराईत मंगलाष्टकं रचायचा. ती इतकी लांब, की अंतरपाटाआड उभ्या नवरदेवाची दाढी एकदा बोटभर वाढली, पुन्हा न्हावी बोलवावा लागला. नागभीडचा कवी टपाल वाटायचा आणि प्रत्येक कार्डाबरोबर स्वतःची एक कविता ऐकवायचा. लोकांनी नातेवाइकांना निक्षून सांगितलं, मेलो तरी पत्र टाकू नका. तिसरा मी, सरकारी लाकूड डेपोत मुन्शी.

माझं काम सोपं. सागाचा ओंडका मोजायचा आणि त्याच्या तोंडावर डांबरानं नंबर, लांबी, गोलाई लिहायची. कागद साहेबाच्या कुलपात, डांबर मात्र बादलीभर. म्हणून सुचलेली ओळ मी नंबराखालीच उतरवून टाकी. पुण्यामुंबईचे कवी कशावर लिहीत ठाऊक नाही, पण माझं हस्तलिखित हलवायला सहा हमाल लागत.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत कविसंमेलन ठरलं. नागपूरच्या एका मासिकाचे संपादक यायचे होते. त्यांनी मला कळवलं होतं, कविता पसंत पडली तर आमच्या कचेरीत मुद्रितं तपासायची जागा तुमची. म्हणजे गोचिड्या, हिवताप आणि साहेब, तिघांपासून एकदम सुटका! मी बारा ओंडक्यांवर बारा ओळींची कविता रचली आणि ऐन वेळी तापानं पडलो. आठ दिवस असा फणफणलो, की पोटावर पातेलं ठेवलं असतं तर भात शिजला असता.

शिवरात्रीच्या सकाळी उठलो तो जत्रेला न्यायची बैलबंडी दारात उभी. डेपोत धावलो, थप्पीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळी भराभर एका चिठोऱ्यावर उतरवल्या, वाचल्याही नाहीत. दुपारी मांडवात उभा राहिलो आणि खड्या आवाजात सुरू केलं:

सखी निघाली पाण्याला
मिशांवर जीभ फिरवून,
जांभळीखाली वाघ बसला
कमरेवर घागर घेऊन.

माझ्याच कानांचा विश्वास बसेना. पण उभा राहिलेला कवी आणि सुटलेला बैल थांबतो थोडाच? बाराही ओळी वाचून टाकल्या.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "काऊन गा, वाघ पाणी भरून राह्यला का?"

"मंग काय करन? बाईले मिशा आल्या ना!"

मांडव हसून हसून खाली यायच्या बेतात होता. मी नोकरीच्या नावानं मनातल्या मनात आंघोळ केली. तेवढ्यात संपादक उठले. डोळ्यांत पाणी! "हीच ती नवी कविता!" ते ओरडले. "काय ही प्रतिमांची मोडतोड! हे छापतो. अशीच आणखी एक पंधरा दिवसांत पाठवा, की जागा तुमची."

डेपोत परतलो तो थप्पी लावणारा म्हातारा गोंड हमाल बिडी ओढत बसलेला. विचारलं, "भाऊ, माझे ओंडके कोणी हलवले?"

"मीच जी. साहेबानं सांगतलं, गोलाई पाहून लाव. बारीक आंधी, जाडे मांगं. काऊन, काई चुकलं का?"

"चुकलं? भाऊ, तुम्ही मोठे कवी आहात!"

"उगीच शिव्या नोका देऊ, मुन्शीजी."

मग मी दुसरी कविता रचली. आधी स्वतःच ओळी उलटसुलट करून पाहिल्या. पण माझी मोडतोड ती नुसती मोडतोडच दिसे, प्रतिमा काही होईना. शेवटी नव्या बारा ओंडक्यांवर ओळी लिहिल्या आणि म्हाताऱ्याचे पाय धरले. "मागच्यासारखीच लावा, भाऊ."

त्यानं दिवसभर घाम गाळून थप्पी लावली. संध्याकाळी मी वाचायला गेलो. सखीच्या कमरेवर घागर, वाघ नदीपलीकडे, चंद्र आभाळात. बाराच्या बारा ओळी जागच्या जागी!

"हे काय केलंत?"

"गोलाई पाहून लावली जी. तुमीच या खेपेस बारक्यापासून जाड्यापर्यंत लिहत गेले, त्याले मी का करू?"

मुदत संपत आलेली. तशीच धाडली. चौथ्या दिवशी कविता परत आली. खाली संपादकांच्या हातची एक ओळ: आपली प्रतिभा आटली, जागा दुसऱ्यास दिली आहे.

मी ते म्हाताऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं बिडी विझवली आणि थप्पीकडं पाहिलं.

"माह्यामुळं गेली का जी नोकरी?"

"नाही हो भाऊ. मिळणार होती तीच तुमच्यामुळं."

तो उठला, डांबराची बादली माझ्या पुढ्यात सरकवली. फाटकातून लाकडांच्या बंड्या आत येत होत्या.