क्लॅरनेटच्या लूपमधला माणूस

आधीच सांगते, मला कुणी "घरात शांती करून घ्या" असा सल्ला देऊ नका. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आता बसलाय की नाही हे मलाच सांगता येत नाही. मी हे रागानं लिहितेय. आणि राग भुताखेतावर नाही, एका चांगल्या धडधाकट माणसावर आहे.

मी सिडकोत राहते, शेंद्र्याला एका कंपनीत डिझाईनचं काम करते. रविवारी सुट्टी. गेल्या वर्षी हौस म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर एक छोटा गेम करायला घेतला. हर्सूल तलावावर एक बगळा, त्यानं मासे पकडायचे... बस, एवढंच. चित्रं मी काढली, कोडिंग व्हिडिओ बघून शिकले. संगीत मात्र जमेना. ते दिलं नितीननं. नितीन माझा कॉलेजचा मित्र, गुलमंडीत त्याचं कापडाचं दुकान आहे. त्यानं क्लॅरनेटची अडतीस सेकंदांची धून पाठवली. "कीबोर्डवर मीच बसवलीय," म्हणाला. खरंच गोड होती.

गेममध्ये अशी धून सारखी फिरत राहते, त्याला लूप म्हणतात. संपली की परत पहिल्यापासून. तो सांधा ऐकू आला तर दर वेळी कानाला हिसका बसतो. धून गेममध्ये टाकून दीड-दोन महिने झाले होते; शेवटचे दोन रविवार मी त्या सांध्यातच घालवले. एमपीथ्री फाईलला मागं-पुढं किंचित शांतता चिकटते, म्हणून फॉरमॅट बदलला. शेवटचा सूर विरतो तो तुकडा सुरुवातीवर चढवला. शेवटी असं जुळलं की कुठं संपतं आणि कुठं सुरू होतं ते मलाच कळेना.

मग अकरावी फेरी संपता संपता, बरोबर त्या सांध्यावर, कुणीतरी धापा टाकत विचारलं — "झालं का?"

वयस्कर पुरुषाचा आवाज. मला वाटलं खालच्या मजल्यावरून आला असेल. गेम बंद करून परत लावला. फेऱ्या मोजत बसले. अकरावी... "झालं का?" फाईल उघडून पाहिली, तर त्यात बोलणं कुठंच नाही. एकदा वाजवली तर काही नाही. फिरवत ठेवली की अकराव्यांदा तेच. नवऱ्याच्या लॅपटॉपवर लावली, तिथंही तेच. तो स्वयंपाकघरातून ओरडला, "कोण आलंय गं? काय झालं का म्हणून विचारतायत?"

म्हणजे माझ्या कानांचा दोष नव्हता. मला वाटलं नितीननं काहीतरी चावटपणा करून ठेवलाय. दुसऱ्या दिवशी कंपनीतून सुटल्यावर थेट त्याच्या दुकानात गेले.

आधी तो हसला. मी ते दोन शब्द सांगितले, धाप सांगितली, तेव्हा हातातला तागा खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

मग खरं बाहेर आलं. धून त्याची नव्हतीच. हर्सूलला साळवेकाका म्हणून आहेत, लग्नाच्या बँडमध्ये आयुष्यभर क्लॅरनेट वाजवलेले. त्यांना दुकानाच्या वरच्या खोलीत बसवून यानं रेकॉर्ड केलं.

"अकरा वेळा वाजवायला लावलं," तो म्हणाला. "दर वेळी विचारायचे, झालं का. मी म्हणायचो, अजून एकदा. अकराव्यांदा ते खालीच बसले. पण मी पहिलंच रेकॉर्डिंग वापरलंय गं. बाकीची तेव्हाच उडवली."

"आणि मला कीबोर्ड म्हणालास."

"काय फरक पडतो? धून मिळाली ना तुला."

माझ्या तोंडाला काय काय आलं होतं ते इथं लिहीत नाही.

त्याच्याकडून पत्ता घेतला आणि नवऱ्याला घेऊन हर्सूलला गेले. काका खाटेवर बसले होते. फुफ्फुसाचा जुना आजार, डॉक्टरांनी फुंकायला कधीच बंदी केलेली. मी म्हटलं, गेममध्ये पहिल्याच पडद्यावर तुमचं नाव टाकते.

"नाव नको, बाई," ते म्हणाले. "त्या दिवशी दमच नव्हता. सूर बसले नाय. मी त्याला म्हणलो व्हतो, हे ठेवू नको, पुसून टाक. तो व्हय म्हणला."

चहा घेऊन आलेल्या काकू दारातच थांबल्या. "दोन महिने झाले, रविवारी दुपारी यांना लई दम लागतो. काही करत नाय, बसल्या जागी. मागं एकदा तर चार तास. दवाखान्यात न्यावं लागलं."

कोणता रविवार, मी विचारलं. त्यांनी सांगितला. त्याच रविवारी, तो आवाज ऐकू यायच्या आधी, गेम मध्येच बंद पडतो का ते बघायला मी तो जेवणानंतर चालू ठेवून, आवाज बारीक करून, बहिणीकडं गेले होते.

त्यांचा नंबर घेतला, परत दम लागला तर मला कळवा म्हटलं. घरी येऊन सगळ्या फाईली उडवल्या. पुढच्या रविवारी फोन केला, तर काकू म्हणाल्या, "आज बरे हायेत. जेवले, झोपले." त्यानंतरचे दोन रविवारही बरे गेले. मग एका मंगळवारी त्यांचाच फोन — "आज सकाळपासून परत."

मी नितीनकडं गेले, धून आणखी कुणाला दिलीस म्हणून विचारलं. तो गिऱ्हाइकाला कापड दाखवत होता. मान वर न करता म्हणाला, "एका फुकट संगीताच्या साइटवर टाकलीय मी. लोकांना आवडतेय."

"कुणाच्या नावानं?"

तो कापडाची घडी घालू लागला. म्हणजे स्वतःच्या. मी काउंटरसमोरून हलले नाही. शेवटी वैतागून त्यानं माझ्यादेखत ती काढली. वर मलाच सुनावलं, "काढून काय उपयोग? ज्यांनी घेतली त्यांच्याकडं आहेच."

तो बोलतो ते खरंय, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो.

ज्या फाईलमध्ये आवाज नाही तो ऐकू कसा येतो, मला माहीत नाही. सिडकोत लावलेल्या धुनेनं हर्सूलच्या माणसाचा श्वास का अडावा, तेही नाही. योगायोग असेल. नवरा तेच म्हणतो, पण त्यानंही ती परत कधी लावलेली नाही. तुमच्यापैकी कुणी गेमसाठी, व्हिडिओसाठी क्लॅरनेटची अडतीस सेकंदांची धून कुठून उतरवली असेल, तर विश्वास ठेवू नका हवं तर, पण पुसून टाका. वाजवणाऱ्यानं स्वतः तसं सांगितलं होतं.

काल दुपारी साडेतीनला काकूंचा फोन आला, परत दम लागलाय म्हणून. त्या वेळी ज्यानं कुणी ती धून चालू ठेवली होती, त्याला मी ओळखत नाही.