धामणाचा दांडा

भुताच्या गोष्टी सांगण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. हे मी स्वतःच सांगून टाकतो, कारण माझ्या घरातलं कोणी ते सांगायला तयार नाही. आवाज कुठं खाली न्यायचा, कुठं मध्येच थांबून मागं वळून बघायचं, हे मला विशीतच साधलं होतं. त्या कलेपायी एका माणसाची नोकरी जायची वेळ आली आणि मला एक दांडा मिळाला. तो दांडा आज माझ्या बल्लारपूरच्या घरात भिंतीतल्या तीन खुंट्यांवर आडवा आहे. पाहुणे विचारतात, "काठी का?" मी म्हणतो, "नाही. मी." मग त्यांना बसवून घेतो.

पन्नास ते साठच्या मधली ती वर्षं. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायचा होता, सगळा मुलूख चांद्याचाच. मी प्राणहितेच्या काठी एका लाकूड डेपोत कारकून होतो आणि माझ्याच वयाचा एक नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, माझ्या शेजारच्या झोपडीत राहायचा. माणूस सरळ आणि भित्रा. माझ्यासारख्याला शेजारी असा मिळणं म्हणजे बसल्या जागी मेजवानी.

त्याच्याकडे सरकारी हातोडा होता. तोडायच्या झाडाची साल चार बोटं सोलायची आणि त्या उघड्या जागेवर हातोड्याच्या डोक्यानं ठसा मारायचा. ठसा असलेलं लाकूड सरकारचं, नसलेलं चोरीचं. म्हणून तो हातोडा ज्याच्या हाती, त्याच्या हाती सारं जंगल. हरवला तर कोणी "हरवला" मानत नसे. विकला म्हणत. नोकरी तर जायचीच, वर पोलिसही यायचे. नाकेदार तो उशाशी घेऊन झोपायचा. बायकोला माहेरी ठेवलं होतं आणि हातोड्याला उशाशी, असं मी त्याला चिडवायचो.

पौषातली सकाळ होती. नदीवर धुकं इतकं की डोंग्याचं पुढचं टोक मागच्या टोकाला दिसत नव्हतं. खालच्या अंगाच्या जंगलात खुणा करायच्या म्हणून आम्ही तिघं डोंग्यात बसलो होतो, पुढं नाकेदार हातोडा मांडीवर घेऊन, मधे मी, मागं डोंगेवाला. डोहाच्या तोंडाशी आलो आणि मला राहवेना.

"इथं एक झारेवाला होता, माहीत हाये का तुले?" मी आवाज खाली नेला. "तीन वर्सं झाली मरून. धुक्यात डोंगा आला की पाण्यातून वर येते, मागं बसते आन् म्हणते..."

इथं मी थांबलो. हात पाण्यात बुडवला. पौषातलं पाणी. तो गार, ओला पंजा अलगद त्याच्या मानेवर ठेवला आणि म्हणालो, "तमाकू हाये का, भाऊ?"

नाकेदार ओरडला नाही. नुसता उडाला. डोंगा हेलकावला आणि पाण्यात एक जड आवाज झाला. डुबुक. एवढाच.

मांडीवरचा हातोडा गेला होता. मग नाकेदार म्हणाला, "रेंजरसाहेब बाजाराच्या दिवशी येऊन राह्यले. हातोडा पाहाले." अहेरीचा बाजार तीन दिवसांवर होता. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं.

डोंगेवाल्यानं बांबू खाली टेकवून पाहिला. "पाणी गळ्याइतकं हाये. पन खाली वाळू. बुडी मारून सापडत नाई. झारा पाह्यजे." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी चवीनं, "झारा त्याच्याच घरी हाये, बाबू. ज्याले तुमी आताच वर आनलं."

झारेवाला म्हणजे खराच होऊन गेलेला माणूस. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. शिवरात्रीच्या यात्रा उठल्या की घाटाघाटावर तो छातीभर पाण्यात उभा राहायचा आणि लोखंडी झाऱ्यानं तळ उपसायचा. टोपलीएवढा झारा, त्याला वाटाण्याएवढी भोकं, वर लांब दांडा. वाळू गळून जायची आणि लोकांनी टाकलेले पैसे, बायकांची निसटलेली जोडवी, लोटे आत उरायचे. तापानं गेला, घरीच. पाण्याशी त्याच्या मरणाचा काही संबंध नव्हता. तो मी जोडला होता.

त्याची बायको अंगणात टोळी फोडत बसली होती. टोळी म्हणजे मोहाच्या बिया, त्यांचं तेल काढतात. आम्ही सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, हातोडा पडला एवढं. उरलेलं डोंगेवाल्यानं सांगितलं, हावभावांसकट, आणि मला कबूल करावं लागेल की माझ्याहून चांगलं सांगितलं.

बाई फोडत होती तशीच फोडत राहिली. मग म्हणाली, "माहा मानूस तमाकू खाये नाई. बिडी पिये." आणि आत जाऊन झारा घेऊन आली. त्याला दांडा नव्हता. ज्या नळीत दांडा बसतो ती रिकामी, आतून काळी.

"दांडा कुठी गेला?" नाकेदारानं विचारलं.

"ज्याचा होता त्याच्यासंगं."

चुलीच्या वर आढ्याला, धुरात, तीन दांडे टांगलेले होते. नवऱ्यानं तोडून ठेवलेले, धुरामुळं कीड न लागलेले. तिनं तिन्ही उतरवले आणि मला म्हणाली, "निवड."

मी बांबू उचलला. हलका, लांब. तिनं तो माझ्या हातातून काढून पाण्याच्या घंगाळात दाबला आणि सोडला. तो उसळून बाहेर आला. "सारा दिवस तू त्याले खाली दाबसील का वाळू उपससील?" मग मी सागाचा उचलला. सरळ, देखणा, डेपोतल्या माणसाला शोभेलसा. तिनं त्याचं टोक उंबऱ्याखाली अडकवून पिळा दिला. नळीच्या जागी, जिथं जोर येतो तिथं, तो कट्‌ करून मोडला. "साग उभा राहाले चांगला. पिळाले नाई."

उरला तो धामणाचा. वाकडातिकडा नव्हता, पण रूपही नव्हतं. गावात धनुष्यं करतात ते हे लाकूड. तिनं टोकाकडून मला बघायला लावलं. रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता गेलेल्या, मधे गाठ नाही. गुडघ्यावर दाबला तर वाकला आणि सोडताच माझ्या हनुवटीवर येऊन बसला. बाई पहिल्यांदा हसली.

"आता माप. जो धरन त्याच्या उंचीएवढा, वर हातभर. कोन धरन?"

खरं तर हातोडा नाकेदाराचा, धरायला हवं होतं त्यानं. पण त्याला पोहता येत नव्हतं. मी छाती काढून भिंतीला टेकून उभा राहिलो. नाटकातला राजा उभा राहतो तसा. बाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, वर एक हात मोजला, कोळशानं खूण केली. तिचा हात जरा जास्त वेळ डोक्यावर राहिला. मला वाटलं, आशीर्वाद.

खिळा तिनं मारू दिला नाही. खिळा गंजतो आणि भोवतीचं लाकूड नासवतो. दांड्याचं टोक विळ्यानं तासून नळीत घट्ट ठोकलं, त्याच लाकडाची पाचर मारली आणि झारा तसाच पाण्यात ठेवून दिला. लाकूड फुगलं आणि नळीनं ते गिळलं. मुठीच्या जागी अंबाडीची ओली दोरी गुंडाळली. ती वाळली की आवळते. शेवटी टोळीचं तेल कोमट करून तळव्यानं चोळायला लावलं, दांडा पिणं थांबवेपर्यंत. मीच चोळलं.

पहिला दिवस वाळू, गोटे, एक फुटका लोटा. पाय झाऱ्याच्या कडेवर दाबायचा, मागं रेटायचं, उचलायचं, हलवायचं, कान द्यायचा. लोखंड असलं तर झारा बोलतो. बोलला नाही. काठावर नाकेदार उकिडवा बसलेला. मी प्रत्येक वेळी रिकामा झारा दाखवला की तो मान हलवायचा, जणू मीच काही हरवलंय आणि तो माझी समजूत घालतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी, डोहाकडच्या उताराला, झारा अडकला. मी ओढला. खालून कोणीतरी ओढला.

हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता यातलं किती खरं आणि किती माझं, अशी बायको शंका घेते. पण हे इतकंच झालं. ओढला, की तितकाच परत खाली. धामण वाकला, सरळ झाला, वाकला. माझ्या कलेतलं एकही वाक्य मला आठवेना. मी दांडा सोडणार होतो.

"सोडू नको," बाई काठावरून म्हणाली. ती कधी आली, कळलं नव्हतं. ती एका दगडापाशी बसली, बिडी पेटवली, एकही झुरका न घेता दगडावर ठेवली आणि पाण्याकडे बघून, शेजारच्या खाटेवरल्या माणसाशी बोलावं तशी बोलली, "याले सोड आता. पोरगं भेलं." मग मला, "तो दांडा हाये त्याचा. मीच उभा केला होता, तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी. पुरानं कलला असन. वरून घसरलेलं सारं तो अडवते. त्याले हात लाव आन् त्याच्या बुडाशी जाय."

मी बुडी मारली. हाताला लागला. तीन पावसाळे पाण्याखाली काढलेलं लाकूड शेवाळलेलं, बुळबुळीत असायला हवं. ते गुळगुळीत होतं. काल तेल दिल्यासारखं. मुठीची दोरी घट्ट होती. आणि तळव्याखाली ते थरथरत होतं. प्रवाहानं. मी आजही प्रवाहानंच म्हणतो.

त्याच्या बुडाशी झारा घातला आणि तो बोलला. वर आला तेव्हा त्यात एक जोडवं, काळा पडलेला एक पैसा आणि हातोडा होता. नाकेदारानं तो धोतरात गुंडाळला आणि ठसा पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. रेंजरसाहेबांनी तिसऱ्या दिवशी तो हातात घेतला, ओंडक्यावर मारून पाहिला, अक्षरं ठीक उमटली, परत दिला. एवढ्यासाठी सारं.

मी झारा परत करायला गेलो. बाईनं पाचर ठोकून काढली, लोखंड स्वतःकडे ठेवलं आणि दांडा माझ्या हातात दिला.

"झारा घराचा, दांडा मानसाचा. माप तुहं हाये. आता हा दुसऱ्याच्या हाती चालत नाई. जीव असेपर्यंत तेल देजो, उन्हात ठेवू नको, भिंतीले टेकवू नको, कलते. आन् तू गेला का डोहातच नेऊन उभा करा लागते. त्याच्या बाजूले."

मी हसलो. ती हसली नाही.

"हे आधी काऊन नाई सांगितलं, बाई?"

"तू तं गोष्टी सांगनारा, बाबू. तुले मागून सांगितलेलं आवडते." आणि टोळी फोडायला बसली. तेव्हा कळलं की ज्याला मी न विचारता पाण्यातून वर आणलं होतं, त्याला तिनं सोबत मिळवून दिली होती.

तेव्हापासून मी तेल देतो. एका वर्षी, पेपर मिलच्या नोकरीत नवा असताना, हट्टानं दिलं नाही. माघात एका सकाळी मुठीची दोरी ओली होती. छप्पर गळत नव्हतं. बायको म्हणाली मांजर. आमच्याकडे मांजर नव्हतं. पण मी वाद घातला नाही, वाटी घेऊन तेल कोमट करायला गेलो.

यंदा पौषात सहज दांड्याशेजारी उभा राहून पाहिलं. पूर्वी तो माझ्यावर हातभर असायचा. आता हातभर आणि दोन बोटं. लाकूड वाढत नाही. डॉक्टर म्हणतात, वयानं पाठ जरा वाकतेच.

दर पौषात तेल द्यायला नाकेदारही येतो. आता पेन्शनीत आहे. एक टोक तो चोळतो, दुसरं मी. माझ्यामागं हा डोहाशी नेऊन उभा करायचं त्यानं कबूल केलंय, कारण माझ्या पोरांवर माझा भरवसा नाही आणि तो त्या नदीत उतरायला तयार असलेला एकटाच माणूस आहे. यंदा जाताना त्यानं अट घातली.

"घेऊन जाईन. छातीभर पान्यात उतरीन. पन सांगून ठेवतो, भाऊ. वाकून गाडत असन तवा मानेवर हात ठेवजो नको."

"आणि ठेवला तर?"

तो चप्पल घालत होता.

"तं बिडी देईन," म्हणाला. "तुमी तिघंही आता तिथलेच."

तिघं कोण, हे मी विचारलं नाही. बाईला जाऊन त्या वेळी आठ दिवस झाले होते, हे मला नंतर कळलं.