इंजिन थांबल्यावर चालणारा पंप

एकतीस वर्षं एका छपराखाली काढल्यावरही माणूस आपल्याला एवढा धक्का देऊ शकतो, हे मला अजून खरं वाटत नाही.

आमचे हे गाड्यांचे मेकॅनिक. इंजिन तापणं, पाणी गळणं, रेडिएटर चोंदणं, असल्या दुखण्यांवर ह्यांचा हात असा बसलेला, की लोक लांबलांबून गाड्या ओढत आणतात. धंद्यातली माणसं ह्यांना थंडोबा म्हणतात. इंजिनं थंड करतात म्हणून. स्वभावाचं म्हणाल, तर ह्यांच्याइतका पटकन तापणारा प्राणी मी पाहिलेला नाही.

ह्यांची एक सवय अख्ख्या गल्लीला माहीत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी गॅरेजात उभी असलेली एक बंद गाडी तारा चिकटून पेटली. जवळ कोणी नव्हतं, किल्ली मालकाच्या खिशात. विझवताना ह्यांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून कानाला खडा. गाडी आत येऊन थांबली की बॅटरीची तार सोडवायची. एका गिऱ्हाइकाची तर काच अर्ध्यात अडकली होती, इतकी घाई. तो बिचारा बटण दाबत बसला आणि हे बॉनेटखालून हसतायत.

लेक शिकून आली आणि गॅरेजातच रमली. हिच्या हातात सगळं सोपवायचं, हे ह्यांनी चहावाल्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. फक्त तिला सोडून. तिला सांगायची वेळ आली की ह्यांच्या जिभेला गाठ पडायची.

लेकीनं चढाच्या शर्यतीसाठी एक जुनी गाडी घेतली आणि तिच्या इंजिनाचा बेल्टवर फिरणारा पाण्याचा पंप काढून विजेवरचा बसवायचं ठरवलं. घरात महाभारत. जेवताना ती मला समजावायची, "आई, बेल्टचा पंप इंजिनाच्या तालावर नाचतो. गाडी नुसती उभी असली की हा आळसावतो, आणि इंजिन जोरात पळालं की नको तेवढा पळून त्याचीच ताकद खातो. विजेचा गरजेपुरताच फिरतो. आणि मुख्य म्हणजे इंजिन बंद केलं तरी दोन-तीन मिनिटं फिरत राहतो. चढ चढून आलेलं इंजिन थांबवलं की आतली उष्णता हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, साठते. खरं पाणी तेव्हा फिरायला हवं."

हे तिनं मला पन्नासदा ऐकवलं असेल. आणि पन्नासही वेळा हे ताट उचलून बाहेर गॅलरीत जाऊन बसले.

ह्यांचं म्हणणंही अगदीच वेड्यासारखं नव्हतं. "बेल्टचा पंप मरायच्या आधी महिनाभर रडतो. किरकिरतो, थेंब थेंब गळतो. विजेचा सांगून मरत नाही." शेवटी कुरकुरत म्हणाले, "लाव. पण इंजिन भाजलं, तर या गॅरेजात पुन्हा असले प्रयोग नाहीत."

इंजिन भाजलं. तिसऱ्या आठवड्यात हेडखालचं, पाणी अडवणारं गॅस्केट गेलं. ते बदललं, तर पुढच्या महिन्यात हेडच वाकलं. मी हबकलेच. लेकीनं पाईप तपासले, तारा तपासल्या, वही काढून सगळी आकडेमोड पुन्हा केली. काही सापडेना. मग हळूहळू ती स्वतःवरच शंका घ्यायला लागली. साधा प्लग बदलायचा तरी "बाबा, जरा बघता का?" हे मात्र मोठ्या मनानं बघायचे आणि जाता जाता "मी म्हणालो नव्हतो?" हे चिकटवायचेच.

त्या दिवशी हेड सरळ करून आलं होतं. विजेच्या पंपावर एक शेवटची फेरी मारायची, तापमानाचे आकडे उतरवायचे आणि मग बेल्टचा पंप परत चढवायचा, असं ठरलं होतं. हे चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला मी गॅरेजात गेले होते. लेक चढावरून आली, गाडी बंद केली आणि आकडे उतरवायला मागच्या खोलीत गेली. इंजिन बंद, पण आत काहीतरी गुणगुणत होतं. मी मनात म्हटलं, हाच तो पंप बरं का.

तेवढ्यात हे धावत आले, बॉनेट उघडलं, पाना लावला आणि तार सोडवली. गुणगुण थांबली.

मी पुढे झाले. "अहो, हे काय केलंत?"

"काय केलं? तार काढली."

"रोज अशीच काढता? आल्या आल्या?"

"हिची तर सगळ्यांच्या आधी. केवढ्या वायरी घुसवल्यात! बंद गाडीत गुणगुणतंय काहीतरी. एक दिवस पेट घेईल."

"अहो, तो पंप आहे!"

"इंजिन बंद झाल्यावर कसला पंप?"

मग गॅलरीत बसून जे ऐकायचं टाळलं होतं, ते सगळं मी त्यांना तिथं उभ्या उभ्या ऐकवलं. ह्यांनी पाण्याच्या पाईपवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. आतून पाणी उकळल्याचा खदखद आवाज येत होता. तो आवाज ह्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पाना उचलून तार परत लावली.

मला वाटलं, आता हे गप्प बसणार. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं, गप्पच बसावं. पण हे तसेच मागच्या खोलीत गेले. मी पाठोपाठ.

लेक बेल्टचा पंप पुसत होती.

"ठेव तो," हे म्हणाले. "हेड मी वाकवलं. तू आत आलीस की मी तार काढत होतो. पहिल्या दिवसापासून."

तिनं ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. फडकं बाजूला ठेवून टायरवर बसली. "मला वाटायचं, माझ्या गाडीची पंप थांबल्यावरच काढता. गॅस्केटपण?"

"गॅस्केटपण."

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?"

"काहीच नाही." आणि इतकी वर्षं अडकलेलं वाक्य त्याच दमात बाहेर पडलं. "हे गॅरेज तुझं आहे. उद्यापासून तू म्हणशील तसं चालेल."

ती रागावेल म्हणून मी तयारीत होते. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, शर्यतीची इंजिनं बांधणाऱ्या एका कंपनीनं मला बोलावलंय. लांब आहे. महिनाभर उत्तर दिलं नव्हतं. आज नाही म्हणून कळवणार होते. मला हे काम येतच नाही, असं वाटत होतं."

"आणि आता?"

"आता जाईन."

ह्यांनी बेल्टचा पंप उचलून फळीवर ठेवला. मग ह्यांनी विचारलं, "मी सांगितलं नसतं, तर?"

"राहिले असते," लेक म्हणाली.