बाहुल्यांखालचे निकाल

नव्वदच्या दशकात बंगळूरच्या बनशंकरीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयात एकच काचेचं कपाट होतं आणि त्यात कादंबऱ्या होत्या. मी मानद ग्रंथपाल होतो. ज्या सभेत ही निवड झाली त्या सभेला मी गेलो नव्हतो. निवडीचं कारणही तेच.

एका श्रावणात इंदिरानगरातून पुस्तकांनी भरलेला टेम्पो आला. तिथले एक मराठी वकील वारले होते, मुलाला बंगला विकायचा होता आणि वडिलांची पुस्तकं त्याने मंडळाला अर्पण केली होती. कोर्टाच्या निकालांचे जाडजूड इंग्रजी खंड, सरकारी राजपत्रं, जनगणनेचे अहवाल आणि, का कोण जाणे, वाळवीवरचा एक शास्त्रीय ग्रंथ. अट एवढीच, की निकालांचे खंड काचेच्या कपाटात राहावेत आणि वर वकिलांच्या नावाची पाटी असावी.

आमचे अध्यक्ष सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. सगळे खंड एका उंचीचे आहेत हे पाहून ते भारावले. "आता याला ग्रंथालय म्हणता येईल," ते म्हणाले. कादंबऱ्या पोत्यांत भरून माळ्यावर गेल्या आणि त्यांच्यापुढे राजपत्रं व अहवाल रचले गेले.

याचा त्रास एकाच व्यक्तीला झाला, कारण पुस्तकं नेणारी व्यक्तीच एक होती. मागच्या गल्लीतल्या अक्का. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरात. दुकानात कानडी, घरात मराठी आणि दुपारी कादंबरी. तीन भागांच्या एका कादंबरीचा दुसरा भाग परत करायला त्या आल्या, तेव्हा तिसरा माळ्यावर गेलेला होता.

"दसऱ्यानंतर काढू," अध्यक्ष म्हणाले. "सगळा माळा उपसावा लागेल."

"दसरा झाला की पुढच्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे माझं, अण्णा."

"मग तर उत्तमच. नंतर जास्त स्वच्छ दिसेल."

"डॉक्टरपण तेच म्हणतोय. माझ्या बहिणीलापण असंच म्हणाले होते. ती आता माणसं आवाजावरून ओळखते. मला आधी शेवट वाचायचाय."

"अक्का, कादंबरीच आहे ती. पळून जातेय का?"

"कादंबरी नाही जात हो. डोळा जातो."

अध्यक्षांनी पाटीचे स्क्रू घट्ट करायला सुरुवात केली. चर्चा संपली.

नवरात्रात मंडळाच्या हॉलमध्ये बाहुल्या मांडायचं काम अक्कांचं. ही इथली पद्धत: पायऱ्यापायऱ्यांचा मंच, त्यावर पांढरं कापड, सर्वांत वर लाकडी राजा-राणी, खाली देव, वाणी, बँडवाले. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेल्या आमच्यासारख्यांना ती नवी होती, पण रोज संध्याकाळी उसळ मिळत असल्यामुळे आम्ही ती लवकर आत्मसात केली होती. त्या वर्षी पायऱ्यांच्या फळ्या खाली काढल्या तर त्या वाळवीने खाल्लेल्या. वाळवीवरचा ग्रंथ शेजारीच होता. त्याला तिने तोंड लावलं नव्हतं.

अक्का कपाटासमोर उभ्या राहिल्या. "हे सगळे एका उंचीचे आहेत की."

"कायद्यावर बाहुल्या मांडणार तुम्ही?" अध्यक्षांनी विचारलं.

"दसऱ्याला पुस्तकं पूजेला ठेवतो ना आपण? मग ही सगळ्यांत मोठी पुस्तकं. स्वल्प लवकर ठेवली म्हणायचं."

"पुस्तकांना पाय लागतील."

"मातीचे पाय, अण्णा. माणसांसारखे कुठे चालतात ते?"

पूजेचा मुद्दा अध्यक्षांना पटला. खंड बाहेर आले, त्यांच्या उत्तम पायऱ्या झाल्या. एकच खंड सरस्वतीपुढे हळदकुंकू लावून ठेवला. रिकाम्या कपाटात तेवढ्यापुरत्या कादंबऱ्या ठेवाव्यात असं मी सुचवून पाहिलं. "त्या पाटीखाली? देणगीदार काय म्हणेल?" असं उत्तर आलं. मग नवरात्रभर ती पाटी रिकाम्या कपाटावर झळकत राहिली. देणगीदार एकदा आरतीला आला, पाटीखाली फोटो काढून घेऊन गेला. कपाट रिकामं आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही.

दसऱ्याला पूजेतलं पुस्तक उघडून चार ओळी मोठ्याने वाचायचा आमच्याकडे प्रघात होता. मान अध्यक्षांचा. त्यांनी सरस्वतीपुढचा खंड मधेच उघडला आणि इंग्रजीचं मराठी करत वाचू लागले. दोन भावांचा दावा होता. फणसाचं झाड धाकट्याच्या अंगणात, पण फळं लागायची ती थोरल्याकडे झुकलेल्या फांदीला. चार ओळी झाल्या, पान झालं. लोक उसळीचे द्रोण हातात धरून तसेच बसले. कोर्टाने फणस थोरल्याला दिले, तेव्हा हॉलमध्ये सरळ दोन तट पडले.

"हा कसला न्याय?" अध्यक्ष स्वतःच म्हणाले. मग समासात वकिलांनी पेन्सिलीने लिहिलेलं त्यांना दिसलं: अपील झालं, पाहा पुढचा खंड. "पुढचा खंड कुठाय?"

मी बोट दाखवलं. सर्वांत खालची पायरी, डावीकडे. त्याच्यावर बाकीच्या पायऱ्या आणि सगळा दरबार.

"काढा तो."

"आज नाही, अण्णा," अक्का म्हणाल्या. "रात्री राजा-राणीला झोपवायचं, मग उद्या पायऱ्या मोडायच्या. मध्येच हात लावायचा नाही."

"अहो, पण एकच तर खंड आहे!"

"पळून जातोय का तो?"

सगळे हसले. अध्यक्षांनी खंड मिटला आणि ते उसळ न खाता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉल उघडायला गेलो तर तो उघडाच होता. अध्यक्ष डोक्याला टॉवेल गुंडाळून शिडीवर उभे होते आणि माळ्यावरची राजपत्रं खाली टाकत होते. "आवराआवर करतोय," ते म्हणाले. तिसरा भाग शेवटच्या पोत्यात निघाला. तो ते स्वतः अक्कांच्या घरी देऊन आले, मग त्यांनी खालच्या पायरीतला खंड मागितला.

अक्कांची कादंबरी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संपली. शेवट त्यांना आवडला नाही. "उगाच मारलं तिला. लिहिणाऱ्याकडचा कागद संपला असेल." फणसाच्या अपिलाचं म्हणाल, तर वरच्या कोर्टाने फणसाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. अपील मुदतीनंतर दाखल झालं, म्हणून फेटाळलं होतं. अध्यक्ष आठवडाभर अस्वस्थ होते.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली आणि अक्कांना दिसू लागलं, पण महिनाभर वाचायला बंदी होती. काळा चष्मा लावून त्या पडवीत बसत आणि दुपारी अध्यक्ष निकालांचा एखादा खंड घेऊन तिथे जात. एकदा मीही गेलो होतो. सून आणि सासऱ्यामधला विहिरीचा दावा चालला होता.

"मग न्यायाधीश म्हणतात..."

"न्यायाधीश राहू दे. सून काय म्हणाली ते सांगा."

अध्यक्षांनी पान उलटलं, पुन्हा मागे आले. ते तिथे नव्हतं. त्यांनी खंड मांडीवर मिटून ठेवला, घसा साफ केला आणि सून काय म्हणाली ते सांगू लागले.