गालातला पांढरा चट्टा

लग्न होऊन मी पनवेलच्या बाजारपेठेतून खाडीकाठच्या मिठागरांच्या गावात आले, तेव्हा माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. सातवी पास झाल्याचा दाखला आणि नाकाच्या शेंड्यावरचा राग. अंतर म्हणाल तर चालत तासाभराचं. पण माहेरी आम्ही दात घासायचो ते राखुंडीने, आणि सासरी दिवस उजाडायचा तो मशेरीने. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, चुरायची, डब्यात भरायची आणि ती पूड बोटाने हिरड्यांवर घासत बसायची. दोन मिनिटं नव्हे, सासूबाई पडवीत अर्धा अर्धा तास बसत. सकाळी एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा, मिठागरावरून आल्यावर आणखी एकदा. एकादशीला साबुदाण्याचा दाणाही न खाणाऱ्या आमच्या गावच्या बाया मशेरीला मात्र उपास धरत नसत.

मशेरी भाजायचं काम सुनेचं. पहिल्यांदा भाजली तेव्हा ठसका लागून डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. ही घाण आपण तोंडाला लावायची नाही, असं मी तव्यासमोरच ठरवलं. ते वर्षभर टिकलं. मग पहिलटकरीण असताना माझी दाढ दुखायला लागली. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. मी भिंतीला गाल टेकून रडत बसले होते. सासूबाई आल्या, म्हणाल्या, "आ कर." मीठ ओढून ओढून खरखरीत झालेलं त्यांचं बोट माझ्या हिरडीवर फिरलं. थोड्या वेळात गाल बधिर झाला आणि मी झोपले. त्या बाईने मला मायेने हात लावायची ती पहिली वेळ होती. दाढ पुढे बरी झाली, पण मशेरी राहिली. रोज सकाळी आम्ही दोघी पडवीच्या कडेला बसू लागलो. आमचं जे काही सूत जमलं ते असं, अंगणात थुंकत थुंकत जमलं.

बाळ वर्षाचं झालं त्या सुमाराला सासूबाई माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागल्या. "केवढा तिखट केलास गो!" रोज तेच. कालवण तेच, मसाला तोच, त्यांनीच कुटलेला. मला वाटलं, झालं, चार दिवस सासूचे संपले नाहीत अजून. एका दुपारी मी हट्टाने सुकटीच्या कालवणात मसाल्याची मूठ जास्त टाकली. म्हटलं, आता कळू दे तिखट म्हणजे काय ते. त्या गप्प बसून जेवल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक पदराने पुसत होत्या. अर्ध्या भातावरून उठल्या. मी मनात म्हटलं, बरी जिरली.

त्यानंतर त्या कालवण घेईनातच. नुसती पेज, तीही गार करून. गुळाचा चहा तोंडाच्या एकाच बाजूने प्यायच्या. भाकरी बाळाला भरवतो तशी कुस्करून खायच्या. आणि एके सकाळी मी पाणी भरून आले तर त्या उन्हात उभ्या राहून, आरशाचा तुकडा धरून, बोटाने गाल ओढून आत बघत होत्या. मी हंडा खाली ठेवला आणि पुढे होऊन पाहिलं. भांड्याला पेज सुकून चिकटावी तसा पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल चीर.

"हे कधीपासून आहे?"

"मना काय नाय झालाय. मशेरी दाबून धरली का बरा वाटता."

म्हणजे दुखतं म्हणून त्या मशेरी लावत होत्या, आणि तिथेच लावत होत्या. मला एकदम आठवलं. आमच्याकडे मांदेली घेऊन येणारी एक कोळीण होती. तिच्याही गालात असंच काहीतरी झालं होतं. आधी ती पदर गालाला लावून बोलायची, मग बोलणं कमी झालं, मग तिची टोपली तिची सून आणायला लागली. शेवटी तिच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरत नव्हतं असं त्या सुनेने सांगितलं होतं. आणि मी सासूबाईंच्या त्याच गालावर मूठभर मसाला ओतला होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "गाल चावला असेल." सासूबाई तर डॉक्टरचं नाव काढलं की उठून मिठागराकडे चालू लागायच्या. शेवटी मी ठेवणीतलं हत्यार काढलं. बाळाला कडेवर घेतलं, लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि म्हटलं, मी माहेरी चालले, परत येणार नाही. नातवाला परत आणायला म्हणून त्या माझ्यामागून पनवेलपर्यंत चालत आल्या. बाजारपेठेत मी वळले ती थेट दवाखान्यात.

डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. "मावशी, मशेरी कधीपासून?"

"दात आल्यापासून."

मी हसले. डॉक्टर हसले नाहीत. आतली एक तुटकी दाढ गालाला घासतेय, ती काढावी लागेल, म्हणाले. पण चट्ट्याचं इथे सांगता येणार नाही, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासावा लागेल. "आणि मशेरी आजपासून बंद. नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही."

हे त्यांना एस.टी.ने मुंबईला घेऊन गेले. दाढ निघाली, तुकडा काढला. रिपोर्ट दहा दिवसांनी येणार होता.

ते दहा दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. कालवणात नुसती हळद घालायची. त्या घास गिळताना मी त्यांच्या गळ्याकडे बघत बसायची. आणि दुसऱ्याच दिवशी मशेरीचा डबा जागेवरून गायब झाला. मला खात्रीच पटली, बाई चोरून लावतेय. मी लाकडांच्या मागे पाहिलं, भाताच्या कणगीत हात घातला, गोठ्यात शोधलं.

"डबा कुठे आहे?"

"तुना कशाला पायजे?"

"मला नकोय. तुम्ही कुठे लपवलात ते सांगा. जिवावर उठलात का स्वतःच्या?"

त्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. हल्ली सारख्या बघायच्या, मी बोलताना, जेवताना, बाळाशी हसताना. मला वाटायचं, चोराच्या मनात चांदणं. आज लिहिताना लाज वाटते, पण खरं ते सांगते. मशेरीवाचून माझंच डोकं दुखायचं. मी शेजारणीकडे जाऊन चिमूटभर लावून यायची, चूळ भरायची आणि घरी येऊन पुन्हा सासूबाईंचा डबा शोधायला लागायची.

अकराव्या दिवशी ह्यांनी मुंबईहून रिपोर्ट आणला. आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"कॅन्सर नाही," ते म्हणाले. "पण पुन्हा मशेरी लावलीत तर व्हायला वेळ लागणार नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं."

मी मटकन खाली बसले. ह्यांनी देवाचं नाव घेतलं. सासूबाई मात्र खुर्चीवरून उठेनात. त्यांनी माझा दंड धरला आणि मला उभं केलं.

"डाक्टर, आता हिचा तोंड बघा."

"मला काय झालंय?" मी म्हटलं.

"मना तरी काय झालता?" त्या डॉक्टरांकडे वळल्या. "हिच्या तोंडात मशेरी मीच घातली, डाक्टर. माज्या ह्या बोटानं. डबा मी खाडीत टाकला, तरी ही शेजारनीकडं जाऊन लावता. दहा दिस मी बघतंय. माजा काय, माजा झालाय जगून. हिचा पोर लहान हाय."

डॉक्टरांनी बॅटरी उचलली. मी तोंड उघडलं. सासूबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून आत बघत होत्या. बॅटरीचा उजेड गालात एका जागी थांबला, आणि डॉक्टर काही बोलायच्या आधीच त्या रडायला लागल्या.